षटक विकणारा सापडला, बाजार मांडणाऱ्यांचे काय?

आयपीएलचा मोसम सुरू झाला की कारंजा लाडसारख्या तालुक्याच्या गावातही दोन बाजार भरतात. पहिला बाजार उघड्यावरचा. त्यात टीव्ही आहे, जाहिराती आहेत, रंगीत जर्सी आहेत, नटनट्या आहेत. दुसरा बाजार पानठेल्याच्या मागे, मोबाईलच्या पडद्यावर, कुजबुजीत चालतो. त्यात खायवाडी चालते, भाव चालतो, उधारी चालते. चेंडू पडतो मुंबईत, भाव फुटतो नागपुरात आणि चूल विझते कारंज्यात. कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे, बचत गटाचे कर्ज या दुसऱ्या बाजारात कसे जिरते हे तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. पण या दोन्ही बाजारांचा मालक कोण, हा प्रश्न विचारला की सगळे गप्प बसतात आणि एखाद्या खेळाडूचे नाव पुढे केले जाते.

असे एक नाव म्हणजे अंकित चव्हाण. मुंबईचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज. जन्म 1985 चा. 2012-13 च्या रणजी मोसमात त्याने पंजाबविरुद्ध एका डावात अवघ्या 23 धावांत 9 बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये एका डावात 9 बळी मिळवणे ही किती दुर्मीळ गोष्ट आहे हे खेळ जाणणाऱ्यांना सांगायला नको. त्याच मोसमात मुंबईने चाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला. वय 27, हातात फिरकी, पाठीशी मुंबईसारखा संघ. भारतीय संघाचे दार ठोठावण्याचे हेच वय. आणि त्याच मोसमाच्या शेवटी, 16 मे 2013 च्या पहाटे, दिल्ली पोलिसांनी त्याला मुंबईत अटक केली. सोबत राजस्थान रॉयल्सचेच शांताकुमारन श्रीशांत आणि अजित चंडिला हे दोघे होते.

पोलिसांचा आरोप असा की आदल्या दिवशी, 15 मे रोजी, वानखेडे मैदानावर मुंबई इंडियन्सविरुद्धच्या सामन्यात चव्हाणने आपल्या दुसऱ्या षटकात ठरवून जास्त धावा दिल्या. पहिल्या षटकात 2 धावा, दुसऱ्यात 15. या एका षटकाचा सौदा 60 लाख रुपयांचा, असे पोलिसांनी सांगितले. ज्या शहराने त्याला घडविले त्याच शहराच्या मैदानावर हे घडल्याचा आरोप होता, म्हणून मराठी माणसाला तो जास्त झोंबला. वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो छापले, वाहिन्यांनी खटला चालवून निकालही देऊन टाकला. त्यानंतर जे घडले ते मात्र आतल्या पानावर, कोपऱ्यात छापून आले. आपल्याला पाहायचे आहे ते नेमके तेच.

दिल्ली पोलिसांनी या खेळाडूंना मोक्का लावला. लक्षात घ्या, हा आपल्याच महाराष्ट्राचा 1999 चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, जो 2002 मध्ये दिल्लीला लागू करण्यात आला. टोळीयुद्ध, खंडणी, सुपारी यांच्यासाठी केलेला हा कायदा. त्यात जामीन जवळपास अशक्य होतो आणि वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाबही पुरावा म्हणून वापरता येतो. सामान्य कायद्यात पोलिसांपुढच्या कबुलीला पुराव्याची किंमत नाही, कारण ती कबुली कशी मिळविली जाते हे इंग्रजांनाही ठाऊक होते. आपल्या वस्त्यांतल्या पोरांना तर ते पाठच आहे! म्हणून असा कडक कायदा कोणावर, कशासाठी लावला जातो, याकडे चळवळीतील माणसाने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. आज तो क्रिकेटपटूवर लागतो, उद्या मोर्चात निघालेल्या कार्यकर्त्यावर लागू शकतो.

10 जून 2013 रोजी दिल्लीच्या न्यायालयाने चव्हाण, श्रीशांत आणि इतरांना जामीन दिला. पुढे 25 जुलै 2015 रोजी पतियाळा हाऊस येथील सत्र न्यायालयाने आरोप निश्चित होण्याच्या टप्प्यावरच 36 जणांना आरोपमुक्त केले. मोक्का लावण्यासाठी संघटित टोळीशी जो संबंध दिसावा लागतो तो प्रथमदर्शनीही दिसत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. इथे एक भेद समजून घेतला पाहिजे. आरोपमुक्त होणे आणि साक्षीपुरावा होऊन निर्दोष सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साक्षीदारांची उलटतपासणी होऊन, पुरावा तोलून 'हा निर्दोष आहे' असे न्यायालयाने म्हटलेले नाही. खटला उभा राहण्याइतका मालच पोलिसांच्या कागदात नाही, एवढेच म्हटले. दोन वर्षे देशभर गाजलेल्या प्रकरणाचा हा शेवट पोलिसांना आणि कायदे करणाऱ्यांना लाज आणणारा आहे.

असे का झाले? कारण आपल्या देशात क्रिकेटचा सामना किंवा त्यातील षटक विकणे हा स्वतंत्र गुन्हाच नाही. 2000 साली हॅन्सी क्रोनिएचे प्रकरण उघडकीस आले, केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली, अझरुद्दीन, अजय शर्मा, अजय जडेजा, मनोज प्रभाकर यांच्यावर मंडळाने बंदी घातली. त्यावेळीही कायदा नव्हता. 2013 मध्ये गाजावाजा झाला तेव्हा खेळातील फसवणूक रोखण्यासाठी विधेयकाचा मसुदा तयार झाला. तो कायदा झाला नाही. 2018 मध्ये विधी आयोगाने आपल्या 276 व्या अहवालात सामनानिश्चिती हा गुन्हा ठरवून कडक शिक्षा ठेवा अशी शिफारस केली. ती धूळ खात पडली. 10 जानेवारी 2022 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने तेथील प्रीमियर लीगच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की सामनानिश्चिती ही दंड संहितेच्या कलम 420 खालील फसवणूक होत नाही. तिकीट काढणारा प्रेक्षक स्वखुशीने पैसे देतो, त्याला कोणी फसवून पैसे द्यायला लावलेले नाही, असा तो तर्क. इवल्याशा श्रीलंकेने 2019 साली हा गुन्हा ठरवून कायदा केला. इंग्लंडमध्ये 2010 च्या लॉर्ड्स कसोटीतील नो-बॉलच्या सौद्याबद्दल पाकिस्तानच्या सलमान बट, मोहम्मद आसिफ आणि मोहम्मद आमिर यांना 2011 मध्ये न्यायालयाने तुरुंगात पाठविले. आणि शंभर कोटींहून अधिक क्रिकेटवेड्यांचा आपला देश? इथे भर चौकात पाकीट मारणारा तुरुंगात जातो आणि कोट्यवधी लोकांचा विश्वास मारणाऱ्यासाठी कलम सापडत नाही!

फौजदारी कायद्याचा हात पोचला नाही, पण मंडळाचा हात पोचला. 13 सप्टेंबर 2013 रोजी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या शिस्तपालन समितीने रवी सवानी यांच्या चौकशी अहवालावरून श्रीशांत आणि अंकित चव्हाण यांच्यावर आजन्म बंदी घातली. अमित सिंगला पाच वर्षे, सिद्धार्थ त्रिवेदीला एक वर्ष. आजन्म म्हणजे केवळ भारतीय संघाचे दार बंद झाले असे नव्हे. रणजी बंद, क्लबचा सामना बंद, मंडळाशी संलग्न मैदानावर सराव बंद. ज्याने पोरपणापासून दुसरे काही केलेच नाही, त्याच्यासाठी ही रोजीरोटीची फाशी होती.

आता कोणी म्हणेल, न्यायालयाने सोडले तर मंडळाने शिक्षा कशी कायम ठेवली? कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. खातेनिहाय चौकशीत शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढे पाहिले जाते. सरकारी नोकरीतल्या आपल्या अनेक बांधवांना हा फरक अनुभवाने माहीत आहे. न्यायालयातून सुटूनही खात्याने बडतर्फ केलेले कितीतरी आहेत. म्हणून मंडळाने शिक्षा केली याला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो शिक्षा करणाऱ्या हातांना आणि शिक्षेच्या मापाला.

शिक्षा करणाऱ्या त्या समितीत कोण बसले होते? मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन, अरुण जेटली आणि निरंजन शहा. याच श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्स कंपनीकडे चेन्नई सुपर किंग्ज संघाची मालकी होती. याच श्रीनिवासन यांचे जावई गुरुनाथ मय्यपन यांना सट्टेबाजीच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी 24 मे 2013 रोजी, म्हणजे चव्हाणच्या अटकेनंतर आठच दिवसांनी, अटक केली होती. मंडळाच्या अधिकाऱ्याला आयपीएलचा संघ विकत घेता यावा यासाठी 2008 मध्ये मंडळाचा नियमच बदलण्यात आला होता. जावयाच्या प्रकरणाची चौकशी करायला मंडळाने आपल्याच पसंतीची दोन निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली. तिने जुलै 2013 च्या अखेरीस सर्वांना स्वच्छ ठरविले. दोनच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाने ती समितीच बेकायदा ठरविली. घरचा चोर शोधायला घरचाच पाहुणा बसवायचा आणि शेजारच्या पोराला मात्र झाडाला बांधायचे, हा आपल्या गावगाड्याचा जुना न्याय. क्रिकेट मंडळात तो सुटाबुटात वावरला, एवढाच फरक!

सुदैवाने देशात संविधान आहे आणि संविधानाने दिलेले न्यायालय आहे. 2005 साली झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी मंडळ हे कलम 12 खालील 'राज्य' नाही असे म्हटले होते. पण 22 जानेवारी 2015 च्या बिहार क्रिकेट संघटनेच्या खटल्यातील निकालात न्यायमूर्ती टी. एस. ठाकूर आणि न्यायमूर्ती कलिफुल्ला यांनी मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे काम करते, म्हणून ते न्यायालयाच्या तपासणीतून सुटू शकत नाही असे ठणकावले. 2008 ची ती नियमदुरुस्ती रद्द केली. श्रीनिवासन यांनी प्रकरण दडपल्याचा आरोप सिद्ध झाला नाही, हे निकालातच आहे आणि ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. पण हितसंबंधांचा संघर्ष न्यायालयाने मान्य केला आणि संघात व्यापारी हितसंबंध असेपर्यंत मंडळाची निवडणूक लढविता येणार नाही असे बजावले. न्यायमूर्ती लोढा समितीने 14 जुलै 2015 रोजी मय्यपन आणि राजस्थानचे राज कुंद्रा यांना क्रिकेटच्या कारभारातून आजन्म बाद केले आणि दोन्ही संघांच्या मालक कंपन्यांना दोन वर्षे निलंबित केले.

आता दोन मापे शेजारी शेजारी ठेवून पाहा. मालकांचे निलंबन दोन वर्षांचे. 2018 मध्ये दोन्ही संघ वाजतगाजत परत आले आणि त्याच वर्षी चेन्नईने चषक जिंकला. फटाके फुटले, मिरवणुका निघाल्या. त्या रात्री अंकित चव्हाणवरची आजन्म बंदी जशीच्या तशी कायम होती. त्याला क्लबच्या सामन्यातही चेंडू टाकायची परवानगी नव्हती. मालकाची शिक्षा संपते, मजुराची संपत नाही. गिरणीत, साखर कारखान्यात, सूतगिरणीत जे होते तेच क्रिकेटच्या कारखान्यात झाले.

मजूर हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. 2013 पर्यंत भारतीय संघातून न खेळलेल्या देशी खेळाडूला आयपीएलच्या लिलावात उभे राहण्याचा अधिकारच नव्हता. किती वर्षे खेळला यावरून 10, 20 किंवा 30 लाख असे ठरीव दर मंडळाने बांधून दिले होते. त्याच 2013 च्या लिलावात ग्लेन मॅक्सवेलला दहा लाख डॉलर मिळाले. म्हणजे बाजार खुला होता तो मालकांसाठी आणि तारांकित खेळाडूंसाठी. रणजीत वर्षानुवर्षे घाम गाळणाऱ्याने मात्र मंडळ देईल ते गप गुमान घ्यायचे. आदल्याच वर्षी, 2012 मध्ये, एका वाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्यात पाच खेळाडू सापडले. मंडळाने सुधींद्रवर आजन्म, शलभ श्रीवास्तववर पाच वर्षे आणि इतर तिघांवर एक वर्षाची बंदी घातली. पाचही जण देशी क्रिकेटमधले, दुसऱ्या फळीतले. सट्टेबाजाला नेमके ठाऊक असते की दार कुठले पोकळ आहे. तारांकित खेळाडूकडे तो जात नाही, तो जातो बाकावर बसलेल्याकडे. आणि या बाकावर बसलेल्यांची संघटना? खेळत्या क्रिकेटपटूंची संघटना या देशात आजही नाही. लोढा समितीच्या शिफारशीनंतर 2019 मध्ये स्थापन झालेली संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. बाबासाहेबांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला तो याच जाणिवेने, की संघटित नसलेल्या श्रमिकाला मालकही लुटतो आणि दलालही.

पण याचा अर्थ गरिबी किंवा अन्याय हा विकले जाण्याचा परवाना आहे असे आम्ही मुळीच मानत नाही. तसे मानणे म्हणजे प्रामाणिक राहिलेल्या हजारोंचा अपमान आहे. त्याच राजस्थान रॉयल्समध्ये, त्याच मे 2013 मध्ये, मुंबईचाच प्रवीण तांबे नावाचा फिरकी गोलंदाज वयाच्या 41 व्या वर्षी पहिल्यांदा आयपीएलमध्ये उतरला. तोवर त्याला मुंबईकडून रणजीचा एकही सामना मिळाला नव्हता. आयुष्य क्लबच्या मैदानावर गेले होते. त्याच्याही वाट्याला उपेक्षाच आली होती, अंकितपेक्षा कितीतरी जास्त. तो वाट पाहत राहिला. एकाच संघातली, एकाच शहरातली, एकाच कलेची ही दोन माणसे. व्यवस्था दोघांनाही सारखीच निर्दय होती, म्हणून माणसाची स्वतःची जबाबदारी संपत नाही. शील ही गोष्ट पोट भरल्यावर पाळायची नसते, असे आपल्याला शिकविले गेले आहे.

आणि आपल्या माणसासाठी मैदानाचा अर्थ वेगळाच आहे. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखणारा पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला मुलगा. हिंदूंच्या संघाला त्याची गोलंदाजी चालत होती, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळत होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला नाकारले गेले. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले 1923 मध्ये, बऱ्याच संघर्षानंतर. पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, तो राजकारणाचा भाग वेगळा. पण चेंडू कोणाच्या हातातून सुटला हे यष्टी पाहत नाही, ही गोष्ट बाळूंनी साऱ्या देशाला दाखविली. जात, आडनाव, ओळख, वशिला यांच्यापलीकडे गुण मोजण्याची एक जागा या देशात असू शकते, ती म्हणजे मैदान. जो षटक विकतो तो ही जागा विकतो. आणि जो संघात जागा विकतो तो त्याहून मोठा गुन्हेगार आहे.

जागा विकण्याची चर्चाही महाराष्ट्राला नवी नाही. 2003 मध्ये महाराष्ट्राचा फलंदाज अभिजित काळे याच्यावर राष्ट्रीय निवड समितीच्या दोन सदस्यांना लाच देऊ केल्याचा आरोप झाला. त्याने तो नाकारला. मंडळाने त्याच्यावर 2004 अखेरपर्यंत बंदी घातली. रणजीत धावांचा डोंगर रचणारा हा खेळाडू भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळू शकला. त्या प्रकरणातले खरेखोटे आम्ही इथे ठरवीत नाही. मुद्दा असा की निवड कशी होते, कोणाला का घेतले, कोणाला का वगळले, हे कधीच लोकांसमोर येत नाही. जिथे अंधार असतो तिथे लाच देण्याचा मोह होतो आणि लाचेचा खोटा आरोप करणेही सोपे होते. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव 2011 मध्ये भारतासाठी कसोटी खेळला, विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 मध्ये रणजी करंडक जिंकला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण वाशीम जिल्ह्यातल्या, कारंजा तालुक्यातल्या पोराने नागपूरच्या निवड चाचणीला जायचे तर त्याच्या बापाला दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे मोजावे लागते. तो पोरगा परत येतो तेव्हा त्याला एवढे तरी कळायला हवे की आपण चेंडूवर हरलो, चिठ्ठीवर नाही.

शिक्षेच्या मापाचा प्रश्नही न्यायालयानेच सोडविला. 15 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतला दोषी ठरविणे कायम ठेवले, पण आजन्म बंदी रद्द करून शिक्षेचा फेरविचार करायला सांगितले. प्रत्येक प्रकरणात सरसकट आजन्म बंदी देता येत नाही, शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात हवी, हे त्याचे सार. मंडळाचे लोकपाल न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी ऑगस्ट 2019 मध्ये श्रीशांतची शिक्षा सात वर्षांवर आणली. 13 सप्टेंबर 2020 ला ती संपली आणि जानेवारी 2021 मध्ये तो केरळकडून मैदानात उतरलाही. अंकित चव्हाणला त्याच दिवशी, त्याच समितीने, तीच शिक्षा दिली होती. पण त्याची शिक्षा सात वर्षांवर आली ती मे 2021 मध्ये. खेळायला मोकळा झाल्याचे मंडळाचे पत्र आले जून 2021 मध्ये. तोपर्यंत त्याचे वय 35 झाले होते. शिक्षा सप्टेंबर 2020 ला संपली आणि कागद जून 2021 ला मिळाला. मधले नऊ महिने कोणाच्या खात्यात जमा करायचे? एकाच आरोपाखाली, एकाच शिक्षेच्या दोन माणसांपैकी जो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढू शकला त्याला आधी न्याय, दुसऱ्याला मागून. कलम 14 ची समता तत्त्वतः सर्वांना आहे, व्यवहारात ती वकिलाच्या फीवर मिळते. तुरुंगातून सुटकेचा आदेश होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेल्या आपल्या बांधवांना हे निराळे समजावून सांगायची गरज नाही.

आता पुन्हा गावातल्या त्या दुसऱ्या बाजाराकडे या. मोसम आला की पोलिस धाड घालतात. सापडतो कोण? चिठ्ठ्या लिहिणारा, मोबाईल सांभाळणारा, पाच-दहा टक्क्यांवर राबणारा पोरगा. त्याच्यावर 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम लागते, दंड होतो, नाव पेपरात येते. वरचा खायवाडीवाला कोण, हे विचारायची कोणाची हिंमत होत नाही. आणि दुसरीकडे 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऑनलाईन फॅन्टसी क्रिकेट हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असे म्हटल्यावर याच खेळाच्या कंपन्या भारतीय संघाच्या छातीवर झळकू लागल्या. देशाचे आवडते खेळाडू 'संघ लावा, पैसे जिंका' म्हणून हाका मारू लागले. ठेल्यावर लावले तर जुगार आणि जर्सीवर लिहिले तर कौशल्य! ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा कुठे भारतीय संघाच्या जर्सीवरून ते नाव उतरले. कायदा केला हे बरेच झाले. पण एवढ्या वर्षांत ज्या घरांची राखरांगोळी झाली त्यांचा हिशेब कोण देणार? आणि बंदीनंतर हा पैसा पुन्हा ठेल्यामागे गेला, तर सापडणार तोच चिठ्ठी लिहिणारा पोरगा.

त्याच ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदाही संमत झाला. त्यातही एक खुबी आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या संघटनांनाच माहितीचा अधिकार लागू. क्रिकेट मंडळ म्हणते, आम्ही सरकारचा पैसा घेत नाही. पण मैदानांच्या जमिनी, पोलिस बंदोबस्त, 'भारत' हे नाव हे सगळे कोणाचे आहे? 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटींना विकले गेले. हा पैसा आभाळातून पडलेला नाही. तो आपल्या डोळ्यांचा, आपल्या वेळेचा, आपल्या मुलांच्या वेडाचा पैसा आहे. ज्याचा व्यवहार जनतेच्या भावनेवर चालतो त्याने जनतेला हिशेब द्यायचा नाही, ही घटनात्मक नैतिकता नव्हे.

म्हणून चळवळीच्या व्यासपीठावरून काही मागण्या स्पष्टपणे पुढे आल्या पाहिजेत. सामना, षटक किंवा संघातील जागा यांची खरेदी-विक्री हा स्वतंत्र गुन्हा ठरविणारा कायदा संसदेने करावा आणि त्यात पैसा पुरविणाऱ्याला खेळाडूपेक्षा जास्त शिक्षा असावी. क्रिकेट मंडळ आणि राज्य संघटना माहितीच्या अधिकाराखाली याव्यात. जिल्हा आणि तालुका पातळीवरील निवड चाचणीचे गुण, धावा, बळी निवड यादीसोबत जाहीर व्हावेत. खेळत्या खेळाडूंना संघटना करण्याचा हक्क आणि चौकशीला सामोरे जाताना मंडळाच्या खर्चाने वकील मिळावा. शिक्षा करणाऱ्या समितीत ज्याचा संघाशी व्यापारी संबंध आहे असा एकही माणूस नसावा. यात क्रांतिकारक असे काही नाही. कोणीही स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ नये, आणि दुसरी बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा होऊ नये, एवढाच हा नैसर्गिक न्याय आहे.

हे काम वरून होणार नाही. सर्वोच्च न्यायालयात गेली ती बिहारची एक क्रिकेट संघटना, जिला मंडळाने वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवले होते. दाराबाहेरच्यांनीच दार उघडायला लावले. कारंज्यात, मंगरूळपीरला, मानोऱ्यात आपली मुले ज्या माळावर टेनिसच्या चेंडूने खेळतात त्यांच्या स्पर्धांना बक्षिसे देणारे कोण आहेत, मागे सट्ट्याचा पैसा आहे का, हे आपल्या युवक मंडळांनी आधी आपल्या गावात पाहावे. पैसा लावून सामना पाहणाऱ्या पोराला त्याच्या बहिणीच्या फीची आठवण करून द्यावी. आणि पुढच्या वेळी एखादा खेळाडू पकडला गेल्याचा फोटो पहिल्या पानावर दिसला, तर त्याला शिव्या देण्याआधी त्या फोटोत कोण नाही हे विचारावे.